केबिन टॉपची फट पुढे, अडचण मागे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. टेक्सासमधल्या गॅरेजात, वॅन्स कंपनीच्या किटमधून घरी बांधायच्या आरव्ही-१० या विमानाचं फ्यूजलाज (धड) रिवेट होऊन घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) उभं आहे. काचेच्या फायबरचा केबिन टॉप, म्हणजे केबिनचं छत, साच्यातून उमटलेल्या रेघेपर्यंत कापून वर ठेवला. मागची कड नीट बसली, उजवा पुढचा खांब टेकला, डावा मात्र ५ मि.मी. वर तरंगतोय. आता तुम्ही विचारताय की खांब अजून कापायचा, की भोकं पाडून, क्लेको (रिवेटच्या आधी भोकांतून भाग तात्पुरते धरणाऱ्या स्प्रिंगच्या पिना) लावून खाली ओढायचा आणि मोकळं व्हायचं? शिवाय टॉप कडक करायला आतून कार्बनच्या पट्ट्या लावाव्यात का, हेही विचारलंय.

खांब कापू नका, आणि भोकं तर इतक्यात अजिबात नको. तरंगणारा खांब कापल्यावर खाली येत नाही, फट ५ ची ७ होते, एवढंच. टॉप कुठेतरी दुसरीकडे अडकला किंवा टेकला आहे, म्हणून हा खांब वर राहिलाय. ती जागा शोधणं हे खरं काम. फट पुढे दिसते म्हणून सगळे पुढेच कानस चालवतात, आणि दुसऱ्या दिवशी फट भरायला फायबर चढवत बसतात.

आधी हे दोन भाग मुळात जुळत का नाहीत ते बघू. वॅन्सचे ॲल्युमिनियमचे भाग मशीनवर भोकं पाडून येतात, भोकाला भोक जुळतं, त्यामुळे इथपर्यंत तुम्हाला अचूकपणाची सवय झालेली असते. केबिन टॉप मात्र साच्यात घडवलेला फायबरचा तुकडा आहे. साच्यातून निघाल्यावर तो जरा आकसतो, खोक्यात पडून राहिला की जरा फाकतो, उन्हाळ्यात गॅरेजात खांबांवर उभा राहिला तर आणखी फाकतो. त्याच्या अंगावरची रेघ अंदाज देते, अंतिम माप देत नाही. म्हणून प्रत्येक टॉपची कथा थोडी वेगळी असते. खालचं सगळं बरंचसं तुमच्या नगावर अवलंबून आहे, आणि जिथे वॅन्सचा प्लॅन वेगळं सांगेल तिथे प्लॅनचं ऐका.

पहिली तपासणी हाताने करा. सगळे क्लँप काढा आणि टॉप नुसता ठेवा. डाव्या पुढच्या खांबावर तळहाताने दाबा आणि दुसऱ्या माणसाला उजव्या मागच्या कोपऱ्यावर बोट ठेवायला सांगा. एक पाय आखूड असलेला चौरंग डुगडुगतो तसा तो कोपरा उचलला गेला, तर कुठेतरी पीळ आहे. कोपरा जागचा हलत नसेल आणि खांब फक्त स्प्रिंगसारखा खाली-वर होत असेल, तर मधे कुठेतरी उंचवटा अडतोय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हे नक्की केल्याशिवाय हत्यार हातात घेऊ नका.

डुगडुगलं तर आधी फ्यूजलाजवर संशय घ्या, टॉपवर नंतर. वरून उघडं फ्यूजलाज म्हणजे झाकण काढलेला पत्र्याचा डबा. वाकवायला कडक, पिळायला मऊ. केबिन टॉप हेच ते झाकण आहे. तो रिवेट झाला की डबा बंद होतो आणि त्या क्षणी जो पीळ असेल तो कायमचा आत अडकतो. घोड्याचा एक पाय गॅरेजच्या उतारावर असला तरी पुरतं. गॅरेजच्या फरशीला पाणी जायला उतार दिलेला असतोच. केबिनची रुंदी सुमारे १२०० मि.मी. धरा. फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आणि मागचं बल्कहेड (धडातली आडवी चौकट) यांच्यात पाव अंशाचा पीळ असला की कडेला ५ मि.मी. फरक पडतो, म्हणजे तुमची फट नेमकी तेवढीच.

इथे डिजिटल लेव्हलवर फार विसंबू नका. ०.१ अंशाची चूक म्हणजे या रुंदीवर २ मि.मी. ती वापरायचीच असेल तर प्रत्येक जागी उलटसुलट ठेवून दोन वाचनं घ्या आणि सरासरी काढा. त्यापेक्षा आपल्याकडे गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. ६ मि.मी. व्यासाची तीनेक मीटर नळी, आत रंगीत पाणी, बुडबुडा एकही नको. डाव्या-उजव्या लाँजरॉनवर (धडाच्या लांबीभर जाणाऱ्या दांड्यांवर) फायरवॉलपाशी, दाराच्या मध्यावर आणि मागच्या बल्कहेडपाशी मापं घ्या. तिन्ही ठिकाणी फरक १ मि.मी. च्या आत येईपर्यंत घोड्यांखाली पाचरी सरकवा. बऱ्याच वेळा एवढ्यानेच पुढची फट अर्धी होते. फ्यूजलाजला आधार बल्कहेडच्या खाली द्या, दोन बल्कहेडच्या मधल्या पत्र्याखाली नको, आणि टॉप कायमचा बसेपर्यंत ते हलवू नका.

आता उंचवट्याचं. यात भूमिती फसवते. समजा मागच्या कडेपासून ३०० मि.मी. पुढे कुठेतरी टॉपचा काठ १ मि.मी. जास्त आहे. टॉप मागे टेकलेला, त्या उंचवट्यावर तोललेला आणि खांब १५०० मि.मी. पुढे. तरफेच्या हिशोबाने खांब ५ मि.मी. उचलला जातो. मागे दहा कागदांच्या जाडीएवढा जास्तीचा फायबर पुढे करंगळीच्या अर्ध्या जाडीची फट दाखवतो. म्हणून मागची कड ‘नीट बसली’ हे तुमचं वाक्य वाचून मला पहिली शंका तिथेच आली. बाहेरून नीट दिसणारी कड आतल्या बाजूने एखाद्या रिवेटच्या डोक्यावर चढलेली असू शकते.

शोधायची पद्धत साधी आहे. ॲल्युमिनियमच्या काठांवर, आतल्या फ्लँजवर (वळवलेल्या पट्टीवर), रिवेटच्या डोक्यांवर निळा खडू घासा. टॉप दोघांनी सरळ वरून खाली ठेवा, सरकवू नका, सरकवला की सगळीकडे निळं होतं आणि काही कळत नाही. हलकेच दाबा, सरळ उचला, उलटा करून बघा. जिथे निळा ठिपका गडद आणि चकचकीत दाबलेला दिसेल तिथे टॉप टेकतोय. फक्त तिथेच घासा. पुन्हा खडू, पुन्हा ठेवा. पंधरा-वीस वेळा उचलाठेव झाली तर काही चुकलं असं समजू नका. टॉपचा भाग मोठा असल्याने हे काम एकट्याने करायचं नाही. एका हाताने उचलताना खांब मुरगळला तर आतला थर तडकतो आणि बाहेरून दिसत नाही.

सगळ्यात जास्त अडणाऱ्या जागा म्हणजे खांबाच्या मुळाशी आतल्या कोपऱ्यातली जाड झालेली इपॉक्सी, दाराच्या चौकटीच्या खालच्या वळणातला गोलवा, आणि रिवेटची आतली डोकी. पहिल्या दोन ठिकाणी गोलवा कमी करा. डोक्यांच्या जागी फायबरला उथळ खळगा द्या, रिवेट घासू नका.

टॉपच फाकला किंवा आक्रसला असेल, तर आत आडवी लाकडी पट्टी द्या. मधे टर्नबकल किंवा थ्रेडेड रॉड, दोन्ही टोकांना कार्पेटचा तुकडा. दाराच्या पुढच्या आणि मागच्या खांबांपाशी अशा दोन पट्ट्या ठेवून रुंदी प्लॅनप्रमाणे आणा आणि पुढची सगळी मापं त्याच स्थितीत घ्या. हीट गनने गरम करून आकार बदलायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. मी तो देणार नाही. साध्या तापमानाला सुकलेली इपॉक्सी साधारण ५५-६० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागते. तुमचा टॉप कोणत्या रेझिनचा आणि किती तापवून पक्का केलेला आहे हे माहीत नसताना एका जागी गन धरली तर थर सुटतात.

कापण्याबद्दल. जिगसॉचं दातेरी पातं कड उचकटतं. डायमंड कोटिंगची चकती असलेलं छोटं ग्राइंडर घ्या, रेघेच्या बाहेर ३ मि.मी. सोडून कापा, आणि उरलेलं ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, पण पेपर सरळ लाकडी ठोकळ्यावर चिकटवून घासा. नुसत्या बोटांनी घासलं तर कड लाटांसारखी होते आणि ती लाट पुढे दाराच्या फटीत उमटते. धुळीला पी-१०० मास्क, आणि घासताना व्हॅक्युमचं तोंड शेजारी. पूर्ण बाह्या, आणि काम झाल्यावर आधी गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने काचेची कुसं कातडीत आणखी बसतात.

एवढं करून जी फट उरेल ती ओढून मिटवायची की भरायची? माझा नियम असा की एका हाताच्या दाबाने, साधारण चार-पाच किलोने, फट मिटत असेल तर ओढून मिटवा. त्याहून जास्त जोर लागत असेल तर भरा. कारण ओढून बसवलेला टॉप आयुष्यभर परत वर यायला बघतो. हँगारबाहेर उन्हात उभं विमान, वरचा टॉप तापलेला, रेझिन थोडं मऊ, आणि रिवेटवर सतत ताण. सहा महिन्यांनी शिवणीवर रंगाला केसासारखी चीर दिसते आणि दार आधीसारखं बंद होत नाही.

भरण्यासाठी इपॉक्सी आणि कापसाचा फ्लॉक्स (बारीक तंतूंचा भुगा). मायक्रोबलून (पोकळ गोळ्यांची पावडर) किंवा तत्सम हलकी पावडर इथे नको. ती फक्त रंगाआधीच्या सफाईसाठी, भार घेणाऱ्या सांध्यासाठी नव्हे. ॲल्युमिनियमच्या काठावर पारदर्शक पॅकिंग टेप सुरकुती न पडता चिकटवा आणि वर मेणाचा एक हात द्या. ही सुटण्यासाठीची बाजू. टॉपची बाजू ८० नंबरने खरखरीत करून ॲसिटोनने पुसा. वेस्ट सिस्टिमचं १०५ रेझिन आणि २०६ हार्डनर घेतलंत तर प्रमाण आकारमानाने ५ ला १. एका वेळी ६० मि.लि. रेझिन, १२ मि.लि. हार्डनर पुरे. २२ अंशांना भांड्यातल्या १०० ग्रॅम मिश्रणाला २० ते २५ मिनिटं मिळतात. टेक्सासच्या उन्हाळ्यात त्याहून कितीतरी कमी, म्हणून सकाळी सहाला काम करा आणि मिश्रण खोल कपात न ठेवता पसरट ताटलीत ओता. आधी नुसत्या पातळ इपॉक्सीचा हात ब्रशने फायबरवर चोळा, मग उरलेल्यात फ्लॉक्स मिसळत जा. चक्क्यासारखं व्हायला हवं. चमच्यातून आपोआप गळत नाही, पण कालथ्याने पसरतं. त्याहून घट्ट झालं तर फायबरला ओलं करत नाही, आत पोकळ्या राहतात.

टॉप ठेवा, बाजूने थोडं मिश्रण बाहेर येऊ द्या, क्लँप मोजकेच. दाबून रिकामं करू नका. फ्लॉक्सची गादी तयार व्हायला हवी, ती पिळून काढायची नाही. २४ तास हात लावू नका. मग टॉप उचला. खाली ॲल्युमिनियमच्या आकाराची आरशासारखी गुळगुळीत गादी दिसेल, मधे एखाद-दुसरी पोकळी. पोकळ्या भरा, कडा घासा. घासण्याआधी मात्र पाणी आणि हिरव्या घासणीने पृष्ठभाग धुऊन घ्या. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट पदार्थ चढतो, त्यावर पुढचा थर धरत नाही, आणि आधी घासलं तर तो आत रगडला जातो. आता टॉप कोणताही जोर न लावता चारही बाजूंनी टेकला पाहिजे.

अजूनही भोकं नाहीत. आधी दारं.

आरव्ही-१० ची दारं वर उघडतात, बिजागऱ्या टॉपवर आहेत आणि बंद केल्यावर दारातल्या पिना पुढच्या-मागच्या खांबांत शिरतात. म्हणजे टॉप २ मि.मी. हलला की बिजागरी, चौकट आणि पिनेचं भोक तिन्ही हलतात. या विमानाची दारं उडताना उघडून निघून गेल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि त्यानंतर वॅन्सने जादा सुरक्षा लॅच दिला. तो लॅच लावाच, पण मुळात पिन भोकात सरळ, वाकडी न होता, पूर्ण लांबीने गेली पाहिजे. ते भोकं पाडायच्या आधी बघता येतं, नंतर नाही.

दाराची आतली आणि बाहेरची कवचं टेबलावर चिकटवू नका. टॉप त्याच्या अंतिम जागी क्लँपवर असताना, दार चौकटीत धरून चिकटवा, म्हणजे दार टॉपची वळणं घेईल. कोरड्या जुळणीत सगळीकडे ३ मि.मी. फट ठेवा. प्राइमर आणि रंग दोन्ही काठांवर चढले की मिळून अर्धा मि.मी. सहज जातो. कोरडी जुळणी तंग केलीत तर रंगानंतर दार घासतं.

दारं जुळली की टॉप भोकं पाडायला तयार. मागच्या पत्र्यातली आयती भोकं गाइड म्हणून वापरा. मध्यभागापासून सुरुवात, मग डावं-उजवं आलटून-पालटून बाहेर, मग बाजू, पुढचे खांब शेवटी. एका टोकापासून सुरू केलं तर सगळा झोल दुसऱ्या टोकाला जमा होतो. आधी ३/३२ इंचाचं भोक आणि रुपेरी क्लेको, सगळी रांग झाल्यावरच प्लॅनमधल्या मापाला मोठं करा. काचेच्या फायबरवर साधं ड्रिल लवकर बोथट होतं, कार्बाइडचं घ्या. मागून लाकडी ठोकळा दाबून धरा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना शेवटचा थर उचकटतं. फायबरच्या काठापासून भोकाचं अंतर निदान व्यासाच्या तिप्पट, म्हणजे १/८ इंच रिवेटला १० मि.मी. ते मिळत नसेल तर आधी काठ वाढवा. आणि सॉलिड रिवेट फायबरवर थेट ठोकू नका. तो भोकात फुगतो आणि भोवतीचे थर फुटतात. प्लॅन म्हणेल तिथे ब्लाइंड रिवेट (एकाच बाजूने ओढून बसवायचा), मागे वॉशर.

मागची शिवण, जिथे फायबर आणि ॲल्युमिनियम मिळतात, तिथे बहुतेक लोक पुट्टी भरून सपाट करतात. दिसायला सुंदर. पण ॲल्युमिनियम तापमानाच्या दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, काचेच्या फायबरचा टॉप त्याच्या निम्म्याच्या आसपास. १.२ मीटर रुंदीवर ३० अंशांच्या फरकाने ॲल्युमिनियम ०.८ मि.मी. च्या वर वाढतं आणि शेजारचा फायबर तेवढा वाढत नाही. पुट्टी ताणली जाऊन तडकते. मला स्वतःला तिथे बारीक, सरळ रेघ ठेवून लवचीक सीलंट भरलेलं आवडतं. सपाटच हवं असेल तर दोन्हीकडे लांब उतार करून काचेचं कापड चढवा, नुसत्या पुट्टीवर सोडू नका. विंडशील्डचं ॲक्रिलिक तर ॲल्युमिनियमच्या तिप्पट वाढतं, म्हणून त्याच्या काठाला मोकळीक लागते. आणि त्याच्या आसपास ॲसिटोन अजिबात नको, जाळीसारख्या भेगा पडतात.

कार्बनच्या पट्ट्यांचं उत्तर: नको. टॉप एकदा बसला, दारं लागली की लागणारा कडकपणा त्याच्या डबीसारख्या आकारातूनच येतो. कार्बन ॲल्युमिनियमला टेकला तर ओलाव्यात ॲल्युमिनियम गंजतं. शिवाय टॉपखाली जीपीएस अँटेना ठेवायचा विचार असेल तर काचेचा फायबर सिग्नल जाऊ देतो, कार्बन अडवतो. तरीही लावायचाच असेल तर मधे काचेच्या कापडाचा पूर्ण थर हवा.

इपॉक्सीला नायट्राइल हातमोजे, दर वेळी नवे. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की ती सहसा जात नाही, पुढचं सगळं काम दुसऱ्याकडून करून घ्यावं लागतं. हाताला लागलं तर साबण, थिनर नव्हे. थिनर ते कातडीत आत नेतं.

भोकं पाडायच्या आधी ईएए या घरी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेच्या जवळच्या शाखेतल्या टेक्निकल कौन्सिलरला बोलावून घ्या, ते स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. त्यांच्यासाठी एक कागद तयार ठेवा: लाँजरॉनच्या तीन ठिकाणच्या पाणनळीच्या नोंदी, तिरक्या कोपऱ्याची डुगडुग आहे की नाही, आणि टॉपच्या पूर्ण घेरावर दर ५० मि.मी. ला मास्किंग टेपवर लिहिलेली फट. त्या आकड्यांत फट पुढे जाताना एकसारखी वाढत गेलेली दिसली तर मागच्या उंचवट्याकडे जा, आणि फक्त खांबापाशीच एकदम उडी मारत असेल तर खांबाचा आतला कोपरा आधी खडूने तपासा.